पुराणकथा आता हव्यात कशाला?

शंकासुर (धागालेखक)
परवा भाचीला द्यूतसभेची गोष्ट सांगत होतो. वय वर्षे दहा. मध्येच म्हणाली, "एवढी मोठी माणसं बसली होती, मग कोणी उठलं का नाही?" मी गप्प. भीष्मांची वकिली मी का करू?

मला तर वाटतं या कथांचं काम संपलंय. चूक-बरोबर ठरवायला कायदा आहे, ग्रहण समजायला विज्ञान आहे. मग राहू-केतू कशाला सांभाळायचे? आणि एकलव्याचा अंगठा 'गुरुभक्ती' म्हणून मुलांच्या गळी उतरवणं मला सरळ चुकीचं वाटतं. मतं येऊ द्या.

रिकामटेकडी
असहमत. भाचीला तो प्रश्न पडला कोणामुळे? कथेमुळेच ना! द्रौपदी तिथे नुसती रडत नाही, मुद्दा काढते: आधी स्वतःलाच हरून बसलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. विदुराशिवाय तिच्या बाजूने बोलतो तो विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. अख्ख्या सभेला निरुत्तर करणारी बाई ज्या कथेत आहे, ती मोडीत काढायची?

एकलव्याचंही तेच. द्रोणांचं मागणं ऐकल्यावर महाभारतातच त्या बोलण्याला 'दारुण' म्हटलंय. गुरुभक्तीचा मुलामा आपला.

तर्ककर्कश
धागालेखकाशी सहमत. कथा कथेसारखी राहिली असती तर माझी ना नव्हती. पण ती राहते का? 'वैमानिक शास्त्र' घ्या. प्राचीन विमानविद्या म्हणून गाजवलेला ग्रंथ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासला, तर निघाला विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमानं उडणं शक्यच नाही. तरी फॉरवर्ड येतच असतात. पुराणातली वांगी पुराणात राहत नाहीत हो.

वाटसरू
चंद्रावर गेलेल्या यानांना अपोलो या ग्रीक देवाचं नाव होतं. नाव घेतलं, गणित मात्र स्वतः केलं. एवढं जमलं तर भांडण कसलं?

जीर्णपोथी
थोडं वेगळं मांडतो. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" असं द्रौपदी दुर्योधनाला म्हणाली आणि महाभारत घडलं, हे आपण सगळे ऐकत आलोय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली (काम १९१९ ते १९६६ चाललं). तिच्यात हे वाक्य नाही. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकर. द्रौपदीही हसली, हे नंतर दुर्योधन बापाला सांगतो.

म्हणजे ते वाक्य मागाहून कोणीतरी तिच्या तोंडी घातलं, आणि आपल्याला ते इतकं पटलं की मूळच वाटू लागलं. युद्धाचं खापर बाईच्या माथी फोडायची सोय! कथा आपल्याबद्दल काय सांगते, ते अशा ठिकाणी दिसतं. म्हणून मला त्या हव्यात.

तर्ककर्कश
@जीर्णपोथी, मुद्दा भारी, पण तो माझ्याच बाजूचा आहे. चिकित्सक आवृत्ती वाचतं कोण? लोकांपर्यंत पोचतं ते पदरचं वाक्यच. विष आधी पसरतं आणि उतारा ग्रंथालयात पडून राहतो.

रिकामटेकडी
मग उतारा आपण सांगायचा. आपण गप्प बसलो म्हणून ती वाक्यं थांबणार आहेत का? दुसरं कोणीतरी सांगेल, आणि त्याला हवं तसं.

शंकासुर (धागालेखक)
राहू-केतूंबद्दल माझं मत कायम. पण काल भाचीला विकर्णाबद्दल सांगितलं. खूश झाली. लगेच पुढचा प्रश्न: "मग युद्धात त्याला सोडलं ना?" म्हटलं, नाही, भीमानेच मारलं, आणि मारल्यावर हळहळलाही.

तेव्हापासून भीमावर रुसलीय. माझ्यावरही.