प्रति: चुंबक पोटावर ठेवला की काम झालं?

हाताच्या शिरेतून औषध लावलेले चुंबकीय लोहकण सोडायचे आणि पोटावर चुंबक ठेवला की औषध यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीत जमेल, असं वर म्हटलंय. यातली खरी अडचण चुंबकाची नाही, यकृताचीच आहे. शिरेतून दिलेले लोहकण यकृतात पोचतात, पण ते निरोगी भागात. तिथल्या कुप्फर पेशी (रक्तातले परके कण टिपणाऱ्या यकृताच्या पेशी) ते गिळून टाकतात. गाठीत या पेशी बहुधा नसतात किंवा फार थोड्या असतात. एमआरआयमध्ये लोहकणांचं कॉन्ट्रास्ट (चित्रात फरक उठून दिसावा म्हणून देतात ते द्रव्य) याच फरकावर चालायचं: निरोगी यकृत काळं पडतं, गाठ उजळ राहते. म्हणजे औषध जिथे नको नेमकं तिथेच! म्हणून कॅथेटर (बारीक नळी) थेट यकृताच्या धमनीत नेऊन कण सोडणं जास्त पटतं. प्राथमिक यकृत कर्करोगाच्या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं, निरोगी यकृताला मात्र सुमारे ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून.

चुंबकाबद्दल एवढंच, की नुसतं क्षेत्र तीव्र असून भागत नाही. कण ओढला जातो तो क्षेत्र अंतरानुसार बदलतं म्हणून, आणि हा बदल त्वचेपासून काही सेंटिमीटर आत गेलं की झपाट्याने मंदावतो. खोलवरच्या गाठीला त्यामुळे बाहेरचा चुंबक अपुरा पडतो. शिवाय ओढ कणाच्या घनफळावर ठरते. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणावर ती १०० नॅनोमीटरच्या कणाच्या हजारावा भाग. कण मोठे करावेत तर चुंबक काढल्यावरही ते एकमेकांना चिकटून राहू शकतात आणि केशवाहिन्या तुंबतात. छोटे कण पॉलिमरच्या एका सूक्ष्म गोळ्यात एकत्र बांधणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.