शाळेतल्या चित्रकला-संगीताला पाठिंबा सगळ्यांचा, मग कात्री आधी त्यांच्यावरच का?

कोरा_कॅनव्हास:
मंडळी, कुणालाही विचारा शाळेत चित्रकला, गाणं, नाटक हवं का, नाही म्हणणारा सापडत नाही. पण बजेट आखडलं की पहिली कात्री तिथेच, परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला आणि त्यावर एकही पालक भांडायला जात नाही. मग हा पाठिंबा खरा की नुसता तोंडदेखला? सरकारने यावर खर्च करावा हे पटवायचं कसं? एका ग्रुपवर मी लिहिलं की संगीताने गणित सुधारतं, तर लगेच एकाने पुरावा मागितला. आहे का कुणाकडे?

तिरकी_रेघ:
गणिताचा मुद्दा सोडा हो, अंगलट येतो. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान मासिकात एक छोटा प्रयोग आला होता, कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्टचं पाश्चात्य शास्त्रीय संगीत ऐकवलं तर आकृत्यांच्या कोड्यांत थोडे जास्त मार्क पडले, तेही पंधरा मिनिटांत ओसरलं. बाळांचा त्यात काही संबंधच नव्हता, तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले 😄
२०१३ चा ओईसीडीचा (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा) अहवाल बघा. वर्गात गोष्टी नाटक करून शिकवल्या तर भाषा सुधारते याला पुरावा बरा आहे, बाकी बरेच दावे कच्चे. शेवटी ते म्हणतात कला कलेसाठीच शिकवा. आणि गणितच सुधारायचं तर गणिताचाच तास वाढवा असं उद्या कुणी म्हणालं तर काय उत्तर देणार?

हिशेबनीस:
पाठिंबा खरा की खोटा ते पैसे बांधून देताना कळतं. कॅलिफोर्नियात २०२२ ला 'प्रस्ताव २८' वर लोकांचं मतदान झालं, साधारण ६४ टक्के बाजूने. नवा कर नाही, शाळांना राज्याकडून जो ठरावीक निधी मिळतो त्याच्या १ टक्क्याएवढी रक्कम दरवर्षी फक्त कला-संगीतासाठी वेगळी काढायची. मला आवडलेली अट म्हणजे ५०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करायचे. नाहीतर काय होतं, एकदाच वाद्यं घेतात, फोटो काढतात आणि कपाटाला कुलूप. आधीच्या पैशांच्या जागी हे पैसे वापरायचे नाहीत असंही कायद्यात आहे, तरी जुने काढून नवे तिथे बसवल्याच्या तक्रारी झाल्याच.

खडूची_पूड:
शिक्षक आहे म्हणून बोलतो, माणसं नेमण्याची अट हेच सगळ्यात महत्त्वाचं. कलेचा शिक्षक नसला की तो तास ज्याला मोकळा वेळ त्याच्या गळ्यात आणि मग वर्षभर 'काहीतरी काढा रे' एवढंच.
बाकी तिरकी_रेघ, पुरावा अगदीच नाही असं नका म्हणू. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांत लॉटरी काढून कोणत्या शाळांना कलेचे जादा कार्यक्रम मिळणार ते ठरवलं, १० हजारांवर मुलं होती. शिस्तभंगाच्या केसेस कमी झाल्या, लेखनाचे गुण थोडे वाढले. गणित मात्र तिथल्या तिथेच 🙂

दोन_पैसे:
सगळं ठीक, पण ज्या वर्गात निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही तिथे आधी तबला का? हौस असेल त्याने क्लास लावावा की.

तिरकी_रेघ:
@दोन_पैसे क्लास लावणारे लावतातच हो. ज्यांना परवडत नाही त्यांना शाळेबाहेर हे कुठे मिळणार? सरकारी पैसा हवाय तो याचसाठी. आणि वाचन कच्चं असेल तर वर सांगितलेलं नाटक तिथेच कामाला येतं की.
@खडूची_पूड मान्य, ह्यूस्टनचं विसरलोच.

कोरा_कॅनव्हास:
धन्यवाद मंडळी, गणित कटाप. पुढच्या पालक सभेत दोनच गोष्टी विचारायच्या ठरवल्यात, कलेचा शिक्षक कायम आहे की तासावर, आणि गेल्या वर्षी वेळापत्रकातले किती तास खरंच झाले. तासांची नोंद पालकांना बघायला मिळते का हो खडू सर?

खडूची_पूड:
मागा, न मागता कुणी दाखवत नाही. पण शक्यतो चार-पाच पालक मिळून जा, एकट्याला चहा पाजून परत पाठवतात.