‘जर-तर’ कापून माझंच वाक्य माझ्यावर फिरवायलेत, काय करावं?

गोदाकाठचा (पैठण): पाणी सोडायचा वाद आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर यंदाही पेटला. मी लिहिलं, ‘१५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या वर असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायची गरज नाही, कमी असेल तर सोडलंच पाहिजे.’ गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालातला हिशोब आहे, माझ्या पदरचं काही नाही. एका भाऊनं त्यातलं ‘वरच्या धरणांतून पाणी सोडायची गरज नाही’ एवढंच उचललं. अवतरणचिन्हांत, माझ्या नावासकट! आता सगळे मला नगर-नाशिकवाल्यांचा माणूस म्हणायलेत. माझी मोसंबी कालव्याच्या पाण्यावर, अन् मी कशाला असं म्हणीन? पण शब्द माझेच हायेत, खोटं तरी कसं म्हणावं?

काळी_माती: भाऊ, खुलासे देत बसू नका. अख्खं वाक्य तारखेसकट त्याच्या पोस्टखाली डकवा, वर एक शब्द लिहू नका. मधलं गाळायचं असेल तर तीन टिंबं देतात, पण त्या टिंबांत ‘जर’, ‘पण’, ‘नाही’ गडप होत असतील तर ती लबाडीच.

निवृत्त_मास्तर: पैठणकर, तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली, असं बजावूनही ठेवलं. घुसडलेली ओवी निदान जाणत्याला खटकते. कापलेलं मात्र दिसतच नाही, म्हणून तुमच्या भाऊचं फावलं.

दुधना: सगळं खरं, पण आपल्याकडचे तरी वरच्यांचं म्हणणं कुठं धड सांगतात? ‘नदीपात्रात पाणी मुरतं, वाटेत वाया जातं’ हा त्यांचा मुद्दा. आपण सांगतो, ‘त्यांना आपण तहानलेलेच पाहिजेत.’ असं कोण बोललं, लिंक द्या की! मुद्दा चूक वाटला तर खोडा, पण आधी तो त्यांच्या तोंडचा सांगा.

गोदाकाठचा (पैठण): डकवलं, काळी_माती म्हणतात तसंच, तारखेसकट. भाऊचं उत्तर आलं: ‘एवढं लांबलचक कोण वाचायलंय?’ खाली बावीस अंगठे.

काळी_माती: असू द्या. पोस्ट तेवढी पिन करायला सांगा ॲडमिनला.