पत्रकारितेच्या जोरावर कॅनडाला जाता येतं का? आणि एआयच्या काळात जावं का?

घाटंजीची बातमीदार

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातून एका जिल्हा दैनिकाला बातम्या देते. बीएनंतर अमरावतीच्या भारतीय जनसंचार संस्थेतून मराठी पत्रकारितेची पदविका घेतली. कापसाचे भाव, वाघाचा हल्ला, पंचायत समितीची सभा, उन्हाळ्यात कोरडी पडलेली नळयोजना, सगळं मीच बघते. मानधन कधी रोख मिळतं, कधी जाहिरातीच्या कमिशनमध्ये वळतं होतं. ओळखपत्र आहे, नियुक्तिपत्र नाही.

अलीकडे डेस्कवरून निरोप असतो, "ताई, नुसते मुद्दे अन् फोटो टाका, बातमी इथं बनते." मुद्दे एआयमध्ये जातात. मागच्या हंगामात कापूस खरेदी केंद्र बंद होतं, लोक रात्रभर गाड्या घेऊन दारात होते. ते मी कळवलं. छापून आलेल्या बातमीच्या शेवटी 'शेतकऱ्यांमध्ये समाधानाचे वातावरण आहे' असं वाक्य होतं. मी ते लिहिलं नव्हतं, पण नाव माझं होतं. सकाळीच पारव्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, तुमी आमच्याच गाडीपाशी उभ्या होत्या ना जी?" त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही.

यजमान पांढरकवड्याला जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, आयटीआय झालेले. नागपूरचा एक एजंट म्हणतो की जर्नालिस्ट म्हणून माझा कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवास, होऊन जाईल, पॉइंट बसतात. फी मोठी आहे, शेत गहाण ठेवावं लागेल. माझं वय ३१. खरंच होतं का? झालं तर तिथं बातमीदारीचं काम मिळतं का, की एआयने तिथंही हेच करून ठेवलं आहे?

वणीची, सध्या मिसिसागा

ताई, आधी शेताचं. गहाण ठेवू नका. एक्स्प्रेस एंट्री म्हणजे कुशल कामाच्या लोकांना गुणांवर पीआर देण्याची कॅनडाची पद्धत. तिचा अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो. पैसे घेऊन सल्ला द्यायचा असेल तर सल्लागाराकडे परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कॅनडाच्या नियामक संस्थेच्या वेबसाइटवर खुली आहे. एजंटचं नाव त्यात शोधा. नसेल तर विषय संपला.

आता कागदांचं, कारण खरी अडचण तिथेच येणार आहे. पत्रकार हा व्यवसाय त्यांच्या यादीत आहे, क्रमांक ५१११३, कुशल कामात मोडतो. तेवढं एजंट खरं बोलला. पण गेल्या दहा वर्षांतला किमान एक वर्षाचा सलग आणि पगारी अनुभव लागतो, आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने १,५६० तास. बिनपगारी काम मोजत नाहीत. ते पत्र मागतात: लेटरहेडवर, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेलं. मी नागपूरला एका दैनिकात उपसंपादक होते, पगारपत्रक होतं, पीएफ कापला जायचा, म्हणून माझं निभलं. तालुक्याच्या बातमीदाराकडे यातलं काहीच नसतं, आणि दिवसभर राबणारी तीच असते. याचा मला आजही संताप येतो.

तुमच्यासाठी एक वाट आहे. एक्स्प्रेस एंट्रीतल्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' या गटात परदेशात स्वतंत्रपणे केलेलं कामही धरतात, मात्र पुरावा तिसऱ्याने दिलेला हवा. काय काम केलं आणि किती पैसे दिले ते देणाऱ्याने लिहून द्यायचं. तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालत नाही. म्हणून आजपासून रोख घेणं बंद करा. मानधन बँकेतच मागा, रिटर्न भरा, कात्रणं तारखेनिशी ठेवा. जायचं नाही ठरलं तरी हे करा.

पात्र ठरलं म्हणजे पीआरच्या अर्जाचं बोलावणं आलं असंही नाही, ते जास्त गुणवाल्यांना आधी येतं. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच, तिशीपासून ते दरवर्षी घसरतात. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. २०२३ पासून काही गटांना वेगळी बोलावणी निघतात, त्यात आरोग्यसेवा आहे, बांधकामाकडचे कारागीर आहेत, फ्रेंच येणारे आहेत. पत्रकार नाहीत. इलेक्ट्रिशियन मात्र आहेत. तुम्ही यजमानांचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण तुमच्या घरात मुख्य अर्जदार त्यांनीच व्हावं असं मला वाटतं. इंग्रजीची परीक्षा त्यांनाही चुकणार नाही, आणि कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचा क्रमांक वेगळा आहे, तोही यादीशी ताडून बघावा लागेल. पीआर दोघांनाही मिळतो, बायकोचा कमी दर्जाचा नसतो.

आता इथे कॅनडात काम मिळतं का? इंग्रजी वर्तमानपत्राच्या दारातून नवीन माणूस आत शिरायचा तो खालच्या कामांवर: प्रेसनोट पुन्हा लिहिणं, मथळे, भाषांतर, वेबसाइटसाठी छोटे मजकूर. मीही तशीच शिरले. मोठ्या वृत्तसंस्था हे काम यंत्राला आधीपासून देत होत्या, असोसिएटेड प्रेसने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या २०१४ मध्येच यंत्रावर टाकल्या. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि हे माझ्यासारखीच्या टेबलापर्यंत पोचलं. भाषांतराचं काम आधी निम्म्या दरात मागितलं गेलं, मग मागणंच बंद झालं.

सगळं खापर एआयवर फोडणं मात्र खरं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद केल्या, कारण बातम्यांचे पैसे द्यायला लावणारा कायदा झाला होता. पुढच्याच महिन्यात ओंटारिओतल्या मेट्रोलँड कंपनीने सत्तरहून अधिक स्थानिक साप्ताहिकांची छपाई थांबवली, ६०५ लोक घरी गेले. तुमच्या-माझ्यासारखी बाई जिथे आधी उभी राहू शकली असती, नेमके तेच पेपर. इथे जन्मलेले, इथेच पत्रकारिता शिकलेले लोक रांगेत आहेत. ताई, इथे उतरल्यावर बातमीदारीवर घर चालेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मी आज नवीन आलेल्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेत पगारी काम करते. बातम्या त्याच्या जोडीला, एका लहान पेपरसाठी. दुर्लक्षित वस्त्यांच्या बातम्यांसाठी इथल्या केंद्र सरकारची 'लोकल जर्नालिझम इनिशिएटिव्ह' योजना २०१९ पासून आहे, इतर भाषांच्या पेपरांनाही त्यातून पैसा मिळतो. ब्रॅम्प्टनमध्ये एकेका तळघरात किती विद्यार्थी कोंबून ठेवले आहेत ही बातमी मला मिळाली, कारण ती पोरं माझ्याशी हिंदी-मराठीत बोलली आणि घरमालकाची पावती दाखवायला तयार झाली. तसं काम इथे अजून माणसाकडूनच होतं. तुम्हाला ते येतं, कारण रात्री खरेदी केंद्राच्या दारात तुम्ही होतात.

जुना तालुका प्रतिनिधी, राळेगावकडचा

ताई, मले कॅनडाचं काई समजत नाई. तुमच्या त्या वाक्याचं समजते.

२०१७ चा खरीप आठवा. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच येत होता. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात फवारणीवाले पेशंट भरती झाले, माणसं मेली. सुरुवातीला कोनत्याच कागदावर हे एकत्र नव्हतं. एका गावचा एक, दुसऱ्या गावचा एक. वार्डात जाऊन खाटेपाशी उभं राहून ज्यानं इचारलं, 'काय फवारलं? कोनाच्या वावरात? मास्क होता का?', त्याले दिसलं का हे सारं एकच हाय. यंत्राले कागद लागते जी. जे कागदावर नाई ते त्याले कुठून दिसन?

म्हनून त्या 'समाधानाच्या वातावरणा'वर गप्प बसू नका. संपादकाले लेखी कळवा, दुरुस्ती छापाले लावा. आपलं नाव हाय त्याच्यावर.

नागपूर डेस्क

मी दुसऱ्या एका पेपरच्या डेस्कवर आहे. काकाजींचं बरोबर आहे. आमच्याकडे रात्री आठनंतर पाच तालुक्यांचे मुद्दे एकदम येतात आणि माणसं दोन, त्यामुळे एआय लावतात. रिकामी जागा भरायला ते हमखास असली वाक्यं घालतं. समाधान, संताप, भीतीचं वातावरण. बातमीदाराला फोन करून विचारल्याशिवाय असं वाक्य जाऊ द्यायचं नाही, हा नियम आम्ही भांडून करून घेतला. अमेरिकेत २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्सने बाहेरून आलेली उन्हाळी वाचनाची पुरवणी छापली, तिच्यातल्या १५ पैकी १० पुस्तकं जगात नव्हतीच. लेखकांची नावं खरी, पुस्तकं एआयने रचलेली. मोठ्या पेपरचं हे होतं, तर जिल्ह्याच्या पानावर कोण पकडणार?

ताई, मुद्दे पाठवताना शेवटी एक ओळ टाकत जा: 'याव्यतिरिक्त काहीही जोडू नये.' आणि मूळ मेसेज पुसू नका.

घाटंजीची बातमीदार

सगळ्यांचे आभार. एजंटचं नाव यादीत शोधलं, नाही. शेताचा विषय घरात बंद केला. यजमान आधी हसले, आता इंग्रजीच्या क्लासची चौकशी करताहेत.

दुरुस्तीसाठी संपादकांना मेल केला आहे. वणीच्या ताईंना एकच विचारते. अनुभवाचं पत्र आता मागितलं तर त्यांना वाटेल ही सोडून चालली, आणि आहे तेही काम जाईल. कसं मागू?

वणीची, सध्या मिसिसागा

कॅनडाचं नावच काढू नका. बँकेच्या कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो, तसं मागा. ते खोटंही नाही, पुढेमागे लागेलच. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या: कोणत्या तारखेपासून, आठवड्याला साधारण किती तास, काय काम, महिन्याला किती मानधन. प्रत्यक्षात आहे तेवढंच लिहा, तास वाढवू नका. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं. लेटरहेडवर सही-शिक्का घ्या, आणि जाहिरातीचं कमिशन वेगळ्या ओळीत दाखवा. ते बातमीदारीत मिसळलं की तुम्हाला जाहिरात प्रतिनिधी धरतील. मसुदा झाला की इथे टाका, नावं झाकून. मी बघते.