शेक्सपिअरचे बनावट कागद एवढ्या लोकांना खरे कसे वाटले?

वाचनवेडी:
सध्या विल्यम हेन्री आयर्लंडबद्दल वाचतेय. १७९५ च्या सुमारास लंडनमधे वकिलाकडे कारकुनी करणारा विशीतला पोरगा, त्याने शेक्सपिअरच्या नावाने सह्या, पत्रं, त्याची बायको अॅन हॅथवेला प्रेमपत्र (सोबत केसांची बट!) आणि शेवटी अख्खं नाटक तयार केलं. कोशकार जॉन्सनचं चरित्र लिहिणाऱ्या बॉस्वेलने तर गुडघे टेकून त्या कागदांचं चुंबन घेतलं. एवढ्या जाणकारांना संशय कसा नाही आला?

जुनापुराणा:
कागद खरोखरच जुने होते हो. ऑफिसात जुने दस्त पडलेलेच असायचे, शिवाय जुन्या ग्रंथांतली कोरी पानं तो पुस्तकविक्रेत्याकडून विकत घ्यायचा. शाई बुकबाइंडरच्या कारागिराने बनवून दिली, लिहून कागद विस्तवाजवळ धरला की अक्षरं गडद तपकिरी व्हायची. आणि शेक्सपिअरच्या मोजक्या सह्या सोडल्या तर हस्ताक्षराचा नमुनाच नव्हता, मग ताडून बघणार कशाशी?

कोकणस्थ_वाचक:
हस्ताक्षर राहू दे, मजकूर तर वाचायचा! एलिझाबेथ राणीचं शेक्सपिअरला पत्र आहे त्यात, पत्ता ग्लोब थिएटरचा, आणि आत लिहिलंय की लॉर्ड लेस्टरही येणार आहेत. लेस्टर वारला १५८८ ला, ग्लोब बांधलं १५९९ ला. शेक्सपिअरचा अभ्यासक एडमंड मलोनने १७९६ च्या मार्चअखेरीस ४०० च्या वर पानांचं पुस्तक काढून असं एकेक उघडं पाडलं, स्पेलिंगसुद्धा सोडलं नाही. माझ्या मते असा पुरावा शाईपेक्षा कितीतरी पक्का.

वाचनवेडी:
बाप रे, राणीचं हे माहीतच नव्हतं! मग नाटकाचं काय झालं?

मीरा_पुणे:
'व्हॉर्टिगर्न' २ एप्रिल १७९६ ला ड्रुरी लेनला लागलं, एकच प्रयोग. 'हे गंभीर सोंग संपेल तेव्हा' अशा अर्थाची ओळ आली आणि थिएटरभर हशा, मुख्य भूमिकेतल्या केंबलने ती मुद्दाम परत म्हटली. मला मात्र वाईट वाटतं ते बापाचं, सॅम्युएलचं. शेक्सपिअरभक्त माणूस, त्याला खूष करायलाच पोराने हे सुरू केलेलं, पण लोकांनी लबाड ठरवलं बापाला. पोराने स्वतः कबूल केलं तरी 'हे तुला जमणारच नाही' म्हणून तो शेवटपर्यंत विश्वास ठेवायला तयार नव्हता, १८०० मधे गेला बिचारा. पोराने १८०५ ला कबुलीचं पुस्तक लिहिलं, आणि पुढे पैशाची चणचण भासली तेव्हा त्याच बनावट कागदांच्या आणखी प्रती काढून मूळच्या म्हणून विकल्या.