बेचाळीस चिठ्ठ्यांचा हिशेब

'द हंगर गेम्स' या पुस्तकात मुलंच मुलांना मारतात, मग तेराव्या वर्षी मुलांना ते वाचायला द्यावं का, ही तुमची धास्ती समजते. माझ्या भाचीने वाचायला घेतलं तेव्हा मीही शेजारी ठाण मांडून बसलो होतो.

पण ती अडली भलत्याच ठिकाणी. मरणाच्या त्या खेळात कोणाला उतरवायचं हे सोडतीने ठरतं. सोडतीत बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं अठरापर्यंत सात. शिवाय घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची, बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल. या चिठ्ठ्याही साठत जातात. पोरीने वहीच्या मागच्या पानावर गणितच मांडलं. गोष्टीची नायिका, सोळा वर्षांची कॅटनिस, तिच्या नेहमीच्या ५, स्वतः, आई आणि बहीण अशा दरवर्षी ३, पाच वर्षांच्या १५, एकूण २०. अठरा वर्षांच्या, पाच जणांच्या घरातल्या गेलच्या, म्हणजे तिच्या मित्राच्या, ४२. "म्हणजे मामा, उपाशी माणसाचंच नाव जास्त निघणार?" हो, तसंच.

खेळात उतरवलेली बारा वर्षांची रू मेली तिथे मात्र भाचीने पुस्तक मिटलं, दोन दिवस हात लावला नाही. मी आग्रह केला नाही.

तिसरा भाग, 'मॉकिंगजे', फार जड आहे. तिथे युद्ध आहे, आणि 'आपली' माणसंही स्वच्छ राहत नाहीत. तो मी तरी वर्षभर लांबवेन. आणि सिनेमा आधी दाखवू नका. कॅटनिसच्या डोक्यात चाललेलं पडद्यावर फारसं येत नाही, मारामारी तेवढी उरते.