ब्रेकपॅडमधलं तांबं मिठी नदीत जाऊ नये म्हणून कोणते पॅड घ्यावेत?

कुर्ला_गॅरेज:
गॅरेजसमोरचं गटार थेट मिठीला मिळतं. खोक्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री’ लिहिलेल्या पॅडमध्ये तांबं असतं का? कमी तांब्याचे पॅड ओळखायचे कसे? आणि ब्रेकचा ड्रम उघडल्यावर निघणाऱ्या झिजेच्या पुडीचं काय करायचं? पावसाळ्याआधी पद्धत बसवायची आहे.

घर्षण_गुणांक:
असू शकतं. अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचा तांब्याशी काही संबंध नाही. तांबं उष्णता पटकन पसरवतं, घाटात ब्रेक फेड होऊ (तापून पकड सोडू) देत नाही, म्हणून ते घालतात.

खोकं बाजूला ठेवा आणि पॅडची कड किंवा लोखंडी पाठ बघा. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले, त्यातली खूण निर्यातीच्या मालावर सापडते. रोमन ‘ए’ असेल तर शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झॅव्हॅलंट क्रोमियम आणि अ‍ॅस्बेस्टॉस मर्यादेत, पण तांब्याला बंधन नाही. ‘बी’ म्हणजे तांबं वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत, ‘एन’ म्हणजे ०.५ टक्क्याच्या आत. कॅलिफोर्नियात ५ टक्क्यांची मर्यादा २०२१ पासून, ०.५ ची २०२५ पासून. तुम्हाला ‘एन’ हवा.

शेजारची ‘एफएफ’, ‘जीएफ’ अशी जोडी घर्षणाची असते, तिची गल्लत करू नका. ‘एफ’ म्हणजे घर्षण गुणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) ०.३५ ते ०.४५. मूळ पॅडपेक्षा कमी घर्षणाचं अक्षर घेतलंत तर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल. आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला.

मिठीकाठ:
पुडीवर कंप्रेसरची हवा मारणं आधी बंद करा. ती फुप्फुसात जाते, उरलेली फरशीवर बसते आणि पहिल्या पावसात गटारात. पर्जन्यवाहिनीच्या वाटेत शुद्धीकरण नसतं. ड्रमखाली ट्रे ठेवा, पूड फवाऱ्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा. ट्रेमधलं पाणी, गाळ आणि फडकी झाकणाच्या पिंपात भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा उचलणाऱ्याकडे द्या. जुन्या लायनरमध्ये (ड्रम ब्रेकच्या घर्षण-अस्तरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तिथे कापडी मास्क कुचकामी.

तांबं कुजत नाही. पाण्यात लिटरला काही मायक्रोग्रॅम विरघळलं तरी सामनसारख्या माशांची वास घेण्याची शक्ती मंदावते. पवई-विहारकडच्या गोड्या पाण्यात ते जास्त घातक. माहीमच्या खाऱ्या पाण्यात धार कमी होते, पण तिथे ते खाडीच्या गाळात साठतं.

कुर्ला_गॅरेज:
धन्यवाद. दुचाकीच्या पॅडवरही हीच खूण बघायची?

घर्षण_गुणांक:
नाही, त्या कायद्यांनी मोटारसायकलींना सूट दिली आहे. तिथे उत्पादकाकडूनच तांब्याचं प्रमाण लेखी मागा.

चाकाच्या बॅलन्सिंगची वजनंही तपासा. चुंबक चिकटला तर लोखंड. नाही चिकटला, नखाने ओरखडा उठला आणि कागदावर करडी रेघ आली, तर शिसं. युरोपीय संघात ते २००५ पासून बंद आहे.

मिठीकाठ:
गॅरेजमध्ये सापडते ती थोडीच. बहुतेक पूड एलबीएस मार्गावर ब्रेक दाबतानाच रस्त्यावर पडते आणि तिथे कुणाचा ट्रे नसतो. त्यामुळे तांब्याची मर्यादा पॅड बनतानाच, आपल्याकडेही कायद्याने घातली पाहिजे.